मॅल्कमपेठेतील पंगत

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिरवळ मागे पडून खंबाटकीचा डोंगर समोर दिसू लागण्याच्या सुमारास जे खंडाळे लागते, त्याच्याकडे महाबळेश्वरास निघालेल्या उतारूंपैकी सहसा कोणी मान वळवून पाहत नाही; आणि मार्गस्थाने थांबून पाहावे असे तेथे फारसे काही नाहीही. गाण्यांतून आणि चित्रपटांतून गाजलेले खंडाळे ते बोरघाटातले, लोणावळ्याशेजारचे. तथापि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन मॅल्कम यांच्यामध्ये जो तहनामा झाला, त्याअन्वये महाबळेश्वरचा डोंगरमाथा कंपनी सरकारच्या हवाली झाला आणि त्याच्या मोबदल्यात महाराजांच्या पदरी जे पडले ते वाई प्रांतातील हे खंडाळे.

माझे वडीलबंधू महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. उभी हयात फेरफार, पैमाष, वहिवाट आणि हद्दीचे तंटे यांत गेल्यामुळे, निसर्गशोभेपेक्षा जमिनीच्या मालकीहक्काचा इतिहासच त्यांना अधिक रमणीय वाटतो. खंडाळ्यापाशी गाडी हळू करावयास लावून, "हे बघा, ही महाबळेश्वरची किंमत," असे त्यांनी मागे बसलेल्या मंडळींस उद्देशून सांगितले, तेव्हा वाईचे माहेर असलेल्या आणि थोरल्या चिरंजीवांच्या कचेरीतल्या भाषेस कधीच न बधणाऱ्या आमच्या आईने, "किंमत राहू दे रे, जेवायला किती वाजता पोचवतोस ते सांग," एवढेच उत्तर दिले.

तिचे म्हणणे रास्त होते, कारण भोजन हाच या प्रवासाचा मूळ हेतू. महाबळेश्वरी एका जुन्या बंगल्यात कोणा तरुण आचाऱ्याने भोजनगृह थाटले असून, त्या डोंगरावर आणि त्याच्या खालच्या खोऱ्यांत जे पिकते तेवढेच तो रांधतो, परंतु आजवर कोणी रांधले नाही अशा रीतीने रांधतो, ही वार्ता माझ्या मुलीने आणि जावईबापूंनी आणली होती. आणि आईला घेऊन एकदा सर्वांनी तेथे जेवावे असा बेत त्यांनीच जुळवला होता. नवलाईच्या पाकक्रियेविषयी माझे मत त्या वेळी फारसे अनुकूल नव्हते. ताटात चार थेंब, दोन पाने आणि मधोमध एक गूढ गोळा ठेवून जिथे जेवणाऱ्याकडून विस्मयाची अपेक्षा केली जाते, तिथे मला प्रथम भूक आणि मागाहून राग येतो.

खंबाटकी चढून जाईपर्यंत दादांनी मॅल्कमसाहेबांचे प्रकरण चालू ठेवले, आणि ते ऐकण्यासारखे होते. १८१८ च्या जून महिन्यात शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाशी बोलणी करून, वार्षिक आठ लक्ष रुपयांचा तनखा कबूल करून, त्यास उत्तरेत ब्रह्मावर्ताच्या वाटेला लावणारा मुत्सद्दी तो हाच. आणि ती रक्कम पाहून कलकत्त्यातील वरिष्ठांच्या कपाळास आठ्या पडल्या होत्या. पेशव्यांच्या बाबतीत हात सैल सोडणाऱ्या या गृहस्थाने पुढे गव्हर्नर या नात्याने सह्याद्रीचा एक अख्खा माथा एका खेड्याच्या बदल्यात पदरात पाडून घेतला, हे ध्यानी घेतले म्हणजे कंपनीच्या जमाखर्चात मागली तूट पुढे कोठे भरून निघे याचा थोडा उलगडा होतो. भूमी तयार करण्याचे काम आधीच झालेले होते. १८२४ साली लॉडविक नामक लष्करी अंमलदार हा डोंगर चढून पाहून गेला होता. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी महाराजांकडूनच साताऱ्याहून वर येणारा रस्ता करवून घेतला होता. १८२८ मध्ये आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी येथे दवाखानाही उघडला होता. तहनाम्यावर शिक्के उमटले ते हे सर्व जमून आल्यावर. नव्या वसाहतीस मॅल्कमपेठ हे नाव मिळाले, आणि दर उन्हाळ्यात इलाख्याचे सरकार आपल्या दप्तरांसह, कारकुनांसह आणि खानसाम्यांसह येथे मुक्कामास येऊ लागले. ज्यांनी रस्ता दिला आणि डोंगर दिला त्या प्रतापसिंह महाराजांस मात्र १८३९ साली त्याच सरकारने पदच्युत करून काशीस धाडले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे उंबरे झिजवीत राहिले, आणि महाराजांनी १८४७ साली परमुलखातच देह ठेवला.

वाईस आईच्या आग्रहाखातर ढोल्या गणपतीच्या दर्शनाला उतरलो. रास्त्यांनी बांधविलेल्या या देवळाची मागली बाजू, कृष्णेच्या पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून निघून जावे म्हणून, मत्स्याकार निमुळती केलेली आहे, हे माझ्या नातवाला दाखवण्यापुरताच आम्हांला वेळ होता. पसरणीचा घाट चढून पाचगणीस आलो की रस्त्याच्या दुतर्फा जे उंच, करड्या पानांचे सिल्व्हर ओक उभे दिसतात, ते मूळचे ऑस्ट्रेलियातले. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने ही पाचगणी वसवताना परदेशची नाना झाडेझुडपे आणून येथे रुजवली, त्यांतलाच हा एक वंश. आज हे झाड नसलेली पाचगणी कोणाच्या डोळ्यांपुढे उभीच राहणार नाही.

झाडांची जी गोष्ट तीच पिकांची. भिलारच्या अंगाने पुढे गेलो की उतारांवर वाफ्यांच्या ओळी दिसू लागतात. त्यांच्यावर काळे-रुपेरी प्लास्टिक ताणलेले, त्याला ठरावीक अंतरावर भोके, आणि प्रत्येक भोकातून वर आलेले, लालभडक फळे अंगाखाली धरून बसलेले एकेक रोप. परदेशातून मागवलेल्या मातृरोपांचे धुमारे आधी रोपवाटिकेत वाढवायचे, पावसाचा जोर ओसरला की ते या वाफ्यांत लावायचे, आणि मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत तोडणी करायची, असा या स्ट्रॉबेरीचा शिरस्ता आहे. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनाची सनदही मिळाली. ज्या फळाला सरकारदरबारी 'इथले' म्हणून नोंद मिळाली, ते फळ मुळात कोठलेच नव्हे हे ऐकून नातवाला मोठी मौज वाटली. १७१४ साली फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता, चिलीच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करून परतताना, तिकडच्या मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची काही रोपे गलबतावरून फ्रान्सला घेऊन आला. तेथील बागांत तिचा संकर उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या एका जातीशी झाला. आणि आज सर्व जग जी खाते ती ही संकरज स्ट्रॉबेरी. एका हेराने आणलेली, दोन खंडांची संतती असलेली, तिसऱ्या खंडात जन्मलेली आणि चौथ्या खंडात सह्याद्रीच्या तांबड्या मातीत नांदणारी! दादा म्हणाले, "याचा फेरफार मंजूर करताना मला घाम फुटला असता."

बंगला बाजारपेठेपासून दूर, क्षेत्र महाबळेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर, झाडीत दडलेला आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते पत्र्याचे छप्पर, आणि समोर काचा लावून बंद केलेला रुंद व्हरांडा. पावसाळ्यात येथे सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तेव्हा जुन्या बंगल्यांना गवताच्या झडी लावून आपादमस्तक झाकून ठेवण्याची चाल होती; त्या झडी बांधण्याच्या लोखंडी कड्या या भिंतींवर अजून आहेत. व्हरांड्यात मोजकी मेजे. भिंतीवर ना छायाचित्रे ना सुभाषिते, हे पाहून माझा पूर्वग्रह किंचित सैलावला. मेजावर हातकागदाचा एक ताव ठेवलेला होता आणि त्यावर पदार्थांच्या नावाखाली प्रत्येक जिन्नस कोठून आला हे बारीक अक्षरांत लिहिले होते: नाचणी कोयनेच्या खोऱ्यातली, गाजरे वेण्णेकाठच्या मळ्यातली, मध अमुक रानातला. दादांनी चष्मा लावून तो ताव, सातबारा वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि हरकत घेण्याजोगे काही न आढळल्यामुळे खाली ठेवला.

आरंभी आले ते आंबील. नाचणीचे पीठ रात्रभर आंबवून, शिजवून, गाळून, ताकात मिळवून थंड केलेले, आणि वर ओल्या लसणाच्या पातीची फोडणी. चिनी मातीच्या लहानशा वाट्यांत, एका घोटात संपेल इतके. मला ते फार आवडले. नाचणीचा मातकट गोडवा, आंबटपणाची सौम्य धार आणि लसणाचा वास, तिन्ही आपापल्या पाळीने जिभेवर येत होते. आईने मात्र वाटी तोंडाला लावून परत ठेवली. "दुष्काळाच्या साली घरोघर हेच प्यायचो आम्ही," ती म्हणाली, "तेव्हा भात मिळावा म्हणून देवाला नवस बोलायची मंडळी. आता पैसे मोजून हे प्यायला इथवर आणलंत होय?" मुलीचा चेहरा पडला. वाढायला आलेला आचारी, जो स्वतः जावळीकडच्या एका खेड्यातला आणि पुण्या-गोव्याच्या मोठ्या हॉटेलांत उमेदवारी करून परत आलेला, हे ऐकून अजिबात ओशाळला नाही. "आजी, आमच्या घरीसुद्धा हेच," तो म्हणाला, "माझी आजी नाचणीला हात लावत नाही. म्हणते, जन्माची पुरली." आणि त्याने तिची वाटी उचलून नेऊन त्याऐवजी गाजराचे कढत सार आणून ठेवले.

ही अदलाबदल त्याने सहज केली. परंतु या डोंगरावर हीच अदलाबदल पूर्वी एकदा सरकारी हुकमाने झालेली आहे. गाजर, बटाटा, मुळा आणि विलायती भाजीपाला यांचे मळे येथे फुलवले ते चिनी आणि मलायी कैद्यांनी. सिंगापूर, पिनांग, मलाक्का या कंपनीच्या पूर्वेकडील ठाण्यांतून शिक्षा झालेले हे बंदिवान समुद्रमार्गे मुंबई इलाख्यात पाठवले जात, आणि त्याच काळात आपल्याकडचे कैदी काळ्या पाण्याच्या शिक्षेवर त्याच ठाण्यांत रवाना होत. म्हणजे माणसांचीही खंडाळा-महाबळेश्वर पद्धतीची देवघेव चालू होती. मॅल्कमने त्यांच्यासाठी येथे सुमारे १२० माणसे मावतील असा तुरुंग बांधविला. दिवसा रस्त्याची कामे आणि बागाईत, फावल्या वेळात वेताच्या टोपल्या विणणे, असा त्यांचा क्रम असे. साहेबांच्या मेजावर मायदेशीची भाजी यावी हा मूळ उद्देश. पण कैद्यांच्या हातचे पाणी पाहून आसपासचे कुणबीही तशी लागवड शिकले. १८६४ साली तुरुंग मोडला. बाजारातले एकही दुकान आज त्यांचे नाव सांगत नाही. सांगतात ती गाजरे, ती बुटकी लालबुंद मुळ्याची जुडी, आणि पेठेत टांगलेल्या वेताच्या काठ्या-टोपल्या.

त्याच सरकारचा दुसरा हात नाचणीवर पडला. डोंगरउतारावरचा झाडोरा तोडून जाळायचा, त्या राखेत नाचणी आणि वरी पेरायची, आणि जमीन थकली की ती सोडून दुसरीकडे वळायचे, अशी कुमरीची शेती येथील गरीब रयत पिढ्यान्पिढ्या करीत होती. जंगलखात्याने ती आवळीत आणली. जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड नावाचे लोक येथे होते. कोळशासाठी लाकूड तोडण्यास मनाई झाली आणि त्यांच्या भट्ट्याही थंडावल्या. वनरक्षण अनाठायी होते असे मी म्हणत नाही. ते झाले नसते तर आज ज्या दाट राईखालून आमची गाडी आली ती राई उरली नसती. पण एका हाताने गाजराला पाणी आणि दुसऱ्या हाताने नाचणीला मज्जाव, असा तो बंदोबस्त होता. परिणामी साहेबांची गाजरे एका ताटात आणि कुणब्याची भाकरी दुसऱ्या ताटात, अशी या डोंगराच्या अन्नाची जी वाटणी झाली ती आपल्या स्वयंपाकघरांत आजतागायत टिकून आहे. त्या व्हरांड्यात त्या दोन्ही गोष्टी एका ताटात आल्या, हे मला त्या आचाऱ्याचे खरे कर्तृत्व वाटले.

उदाहरणार्थ, तो मुळा. पाल्यासकट अख्खा लाल मुळा लोखंडी तव्यावर, वर झाकण ठेवून, बुडाशी करपेपर्यंत भाजलेला. त्याचा तिखटपणा उतरून कंदात एक रसाळ गोडी आलेली. आणि त्याच्याखाली उकड काढून थापलेली, कागदासारखी पातळ, चुलीच्या धगीवर कुरकुरीत केलेली नाचणीची भाकरी. सोबत शेंगदाण्याचा ओला ठेचा. मुळ्याचा पाला शिजून मऊ झालेला आणि त्याच्या कडा तेवढ्या काळवंडून कुरकुरीत राहिलेल्या; कंद चाकूने कापला तर आत पांढरा, आणि बाहेरचा लाल रंग तव्याच्या उष्णतेने निवळून गुलाबी झालेला. गंमत म्हणजे आईने हीच भाकरी मागून घेऊन खाल्ली. "ही निराळी," असा तिचा निवाडा पडला, आणि त्यावर अपील चालले नाही.

बटाट्याच्या पदार्थाने आमच्यात तट पडले. नवे, गोट्यांएवढे बटाटे सालीसकट उकडून, तळहाताने दाबून चपटे केलेले, तव्यावर खरपूस परतलेले, आणि त्यांच्यावर भाजून कुटलेल्या सोड्यांची भुकटी. सोडे घातलेला बटाटा आमच्या कोकणी घरांत काही अपूर्व नव्हे. पण तो येथे का, असे मी विचारले तेव्हा आचाऱ्याने खिडकीबाहेर पश्चिमेकडे बोट केले. खाली, जावळीच्या रानातून, पार घाटाची जुनी वाट जाते. महाडच्या बंदरातून मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून त्या वाटेने वाईच्या बाजारात येई. १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी जिंकताच शिवाजी महाराजांनी प्रतापगड बांधावयास घेतला तो या वाटांवर नजर राहावी म्हणून, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाची छावणी पडली होती तीही त्याच पार गावाशी. ज्या रस्त्याने कोकणचे जिन्नस वर आले त्या रस्त्याच्या माथ्यावर बसून बटाट्याला सोडे लावायचे, हे तर्काला धरून होते. चवीला तर त्याहून होते. आई आणि वहिनी शाकाहारी असल्यामुळे त्यांनी ताट बाजूला सारले. दादांनी दुसऱ्यांदा मागवले, आणि या वेळी मालकीहक्काची चौकशी केली नाही.

यापुढे स्ट्रॉबेरीचे राज्य सुरू झाले. महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरीने जो धुमाकूळ घातला आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे: साय घालून, रस काढून, चिक्कीत कोंबून, खव्यात मळून, आणि फळ संपल्यावर तिचा नुसता वास बाटलीतून शिंपडून. येथे हा प्रकार नसेल अशी माझी आशा निम्मीच सफळ झाली. तुरीच्या डाळीच्या आमटीत आमसुलाऐवजी अर्धकच्च्या स्ट्रॉबेरीच्या फोडी घातलेल्या होत्या. गोडा मसाला, थोडा गूळ, वर साजूक तूप. ती आमटी अप्रतिम होती. कच्च्या फळाचा आंबटपणा आमसुलाहून हलका असतो आणि डाळीच्या जडपणाला तो एक उघडीप देतो. भातावर ही आमटी घेऊन आईने डोळे मिटून जेवण केले आणि कृती विचारून घेतली. कोळंब्याच्या रसातले आंबे, चिंचेऐवजी कैरी, हे सारे ज्या घरात वावरले तिथे या आमटीला परके म्हणायचे कारणच नाही. परंतु त्यापाठोपाठ आलेली स्ट्रॉबेरीची भजी हा केवळ हव्यास होता. तेलात फळ फुटते, आतला रस पिठात उतरून त्याचा लगदा होतो, आणि तोंडात येते ते गरम, गोड, तेलकट असे काहीतरी, ज्याला ना फळाची शान ना भज्याची. नातवाने एक भजे खाऊन दुसऱ्यावरचे पीठ तेवढे खरवडून खाल्ले. हा मुलगा मोठेपणी समीक्षक होईल.

मला असे वाटते की, नवे करणाऱ्याच्या हातून जे बिघडते ते बहुधा बाजाराला भिऊन बिघडते. आमटी त्याने स्वतःच्या जिभेला विचारून केली होती. भजी करताना, महाबळेश्वरी आलेला माणूस स्ट्रॉबेरी मागणारच, या धास्तीने त्याचा हात धरला होता. मी हे त्याला आडवळणाने बोलून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "काका, भजीच सगळ्यांत जास्त खपतात." यावर काय बोलणार?

शेवटी मध आला. पाटावर मांडावे तसे एका लांबट लाकडी फळीवर वरीच्या तांदळाचे, दुधात शिजवून थापलेले लहान वड्यांसारखे तुकडे, आणि शेजारी दोन वाट्यांत दोन मध. एक जांभळीच्या फुलोऱ्याचा, उन्हाळ्याच्या तोंडी उतरलेला, तांबूस, गिळल्यावर घशाशी किंचित तुरट. दुसरा कारवीचा. कारवीचे झुडूप वर्षानुवर्षे नुसते पाने घेऊन उभे असते आणि सात-आठ वर्षांनी एकदा, पावसाच्या अखेरीस, सारा डोंगर जांभळा करून एकाच वेळी फुलते, बी टाकते आणि मरते. त्या एका हंगामात सातेरी मधमाश्या जो मध गोळा करतात तो घट्ट आणि काळसर असतो, बोटाने उचलला तर तुटत नाही, ताणत राहतो. मधपाळ तो पुढल्या फुलोऱ्यापर्यंत जपून वापरतात. या डोंगरातल्या मधपाळांची सहकारी संस्था जुनी आहे. जवळच्या मांघर गावाला २०२२ साली मधाचे गाव म्हणून शासनाने मान्यताही दिली. वाटीतल्या त्या काळ्या मधात आचाऱ्याने काहीही मिसळले नव्हते, त्याच्यावर काहीही पेरले नव्हते. इतका कल्पक माणूस जिथे हात आवरून बसतो, तिथे त्याची पारख कळते.

आईने दोन्ही मध चाखून जांभळीचा पसंत केला. वहिनींनी कारवीचा. दोघींचा वाद वेण्णा तलावापर्यंत चालला. हा तलाव १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधविला. प्रतापसिंहांच्या जागी कंपनीने गादीवर बसवलेले त्यांचे हे बंधू. १८४८ साली ते वारले, मृत्युसमयी घेतलेले दत्तक विधान सरकारने नामंजूर केले आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. नावेत बसण्यासाठी तेथे इतकी गर्दी लोटली होती की आम्ही काठावरच मक्याचे कणीस खाऊन परतलो.

भोजनाचे बिल भारी होते. सामान्य गृहस्थाने वर्षातून एकदा, आणि तेही कोणाच्या तरी निमित्ताने, भरावे इतके. भजी वगळता ते त्या किमतीचे होते, असे माझे मत आहे, आणि दादांनी बिल तपासून त्यास सहमती दिली. ज्यांना अशा ठिकाणी जेवावयाचे असेल त्यांनी माघ-फाल्गुनात, शनिवार-रविवार टाळून आणि आधी जागा राखून जावे. स्ट्रॉबेरी कच्ची असताना आमटी मागावी. आणि पावसाळ्याचे महिने सोडून द्यावेत, कारण आषाढ लागला की तो बंगला बंद करून आचारी आपल्या गावी भात लावायला जातो.